वीज आली आणि मासे गेले

गेली सतरा वर्षं मी लोकांच्या दिवाणखान्यात समुद्र बसवून देतो. असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं करता काय?" मी मूळचा माणगावकडचा. घरची भातशेती, समुद्राशी संबंध सुक्या बोंबलापुरता. अलिबागला एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलो, तिथल्या काचेच्या टाक्या धुता धुता मासे जगवायला शिकलो आणि पुढे नोकरी सोडून याच धंद्यात पडलो. खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवायच्या, आठवड्यातून एकदा जाऊन त्या सांभाळायच्या. गिऱ्हाईक बहुतेक मुंबईचे बंगलेवाले.

पहिलाच बंगला असा होता की फाटकात उभं राहिलं तर लाटांचा आवाज यायचा. त्या घरातल्या माणसाला दिवाणखान्यातही समुद्र हवा होता. मी बराच वेळ गप्प उभा होतो, त्यांना वाटलं मी मापं घेतोय. तेव्हापासून थक्क होणं हा माझ्या धंद्याचा भागच झाला आहे. पालीच्या एका वकिलांनी मी सांगितलेलं खास मीठ नाकारून मिठागरावरचं खडे मीठ पाण्यात ओतलं होतं. "आपल्याच जिल्ह्याचं मीठ आहे, त्यात वाईट काय?" असं त्यांनी मलाच विचारलं. मासे त्यांच्या या अभिमानात सामील झाले नाहीत. माणगावच्या एका बाईंनी, त्या शाळेत शिक्षिका होत्या, दिवाळीला पाहुणे येणार म्हणून फिल्टरमधला स्पंज गरम पाण्यात साबण लावून असा लख्ख धुतला की तो नवा दिसायला लागला. लक्ष्मीपूजनापर्यंत टाकी रिकामी.

त्या बाईंना मी जे समजावलं ते इथेही सांगतो, कारण पुढची हकिगत त्याशिवाय कळणार नाही. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच बाकीचं सगळं उरकतो. त्या घाणीचं विष होतं. दर्यात ते कुठल्या कुठे जातं, टाकीत जाणार कुठे? ते विष खाऊन संपवणारे जिवाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे. फिल्टर म्हणजे या जिवाणूंची चाळ. स्पंजच्या, दगडांच्या, चिनीमातीच्या नळ्यांच्या भोकाभोकांतून ते बिऱ्हाड करून राहतात. पाणी त्यांच्या दारावरून सारखं वाहतं ठेवायचं, म्हणजे त्यांना घाणही मिळते आणि श्वासाला हवाही मिळते. बाईंनी साबणाने अख्खी चाळ धुऊन काढली होती.

आता फिल्टर निवडायचा कसा? माझ्या मताने टाकीखाली दुसरी उघडी टाकी ठेवावी. वरचं पाणी तिच्यात पडतं, गाळलं जातं, पंपाने परत वर जातं. तिच्यातच एक नळकांडं बसवतात, ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडून मळीचा फेस वर काढतं. हे दिसायला ओंगळ, आवाज खळखळ, पण सगळं उघड्यावर. काही बिघडलं तर दिसतं. दुसरा प्रकार बंद डब्याचा. घट्ट झाकणाचा डबा कपाटात ठेवायचा, दोन नळ्या टाकीत सोडायच्या. आवाज नाही, दिसतही नाही. मी गिऱ्हाइकाला नेहमी तीन गोष्टी विचारतो: तुमच्याकडे वीज किती वेळ जाते, सोमवार ते शुक्रवार घरात कोण असतं आणि साफ कोण करणार? गिऱ्हाईक मला दोनच विचारतं. आवाज येईल का? आणि दिसेल का?

अलिबागहून रेवसकडे जाणाऱ्या रस्त्यावर सबनीस साहेबांचा बंगला आहे. माणूस नीटनेटका, कमी बोलणारा, मुंबईहून शनिवारी यायचा. त्यांनी मला सोफ्यावर बसवून सांगितलं, "जाधव, मी इथे शांततेसाठी येतो. खळखळ नको. आणि आत दगडांचा ढीग नको, दोनच दगड, मोकळं पाणी." मी उघड्या टाकीची बाजू मांडली, पण फार नेटाने मांडली नाही. दगड कमी म्हणजे जिवाणूंना राहायला जागा कमी, म्हणजे सगळा भार त्या डब्यावर. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज कशी नांदते हे मला ठाऊक होतं. तरी मी डबाच बसवला आणि वर म्हणालो, "छान दिसेल साहेब." मोठी टाकी, मोकळं पाणी, त्यात पैदास केंद्रात वाढलेली केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी, चार निळे मासे आणि एक पिवळा. दिसलं खरोखर छान.

घर सांभाळायला सुगंधाताई आणि तिचा नवरा नथू होते. दोघं रेवसजवळच्या कोळीवाड्यातले. नथू आधी बोटीवर खलाशी होता. एका मोसमात जाळं ओढताना पाण्यात पडला, वाचला, पण मनातून हलला. म्हणून दोघं बंगल्यावर आली. तो बाग बघायचा, ती घर. मागच्या बाजूला त्यांना एक खोली होती, दारात पत्र्याच्या डब्यात तुळस.

सुगंधाताईला त्या टाकीचं आधी हसू यायचं. "सर, ह्ये मासं खायाचं न्हाय, इकायचं न्हाय, मंग पोसताव कशाला?" असं तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं. पण महिन्याभरात ती त्यांच्याशी बोलायला लागली. एकदा मात्र घोळ झाला. वाटण वाटायला तिने फिल्टरचा प्लग काढून तिथे मिक्सर लावला आणि प्लग परत लावायला विसरली. मी योगायोगाने त्याच दिवशी गेलो म्हणून निभावलं. मी चिडलो होतो. एका कागदावर जाड पेनाने "हात लावू नये" असं लिहिलं आणि चिकटपट्टीने त्या प्लगवर डकवलं. चौथी शिकलेली बाई, तिने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "बरं सर. न्हाय लावनार." बाकी वीज गेली तर काय करायचं हे मी तिला शिकवलं होतं. सेलवर चालणारा हवेचा पंप लावायचा, सेल संपले तर तांब्याने टाकीतलंच पाणी वर उचलून उंचावरून सोडत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. वीज परत आली की काय करायचं, हे मात्र मी शिकवलं नाही.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वीज गेली की बंद डब्यातलं पाणी थांबतं. आतल्या जिवाणूंचा श्वास कोंडतो, ते मरतात, डब्यातली मळी सडते. दोन-चार तास चालून जातात. पुढे आत विष तयार होतं. अशा वेळी वीज आली तरी तो डबा लगेच सुरू करायचा नसतो. उघडून, टाकीतल्याच पाण्याने खळबळून मग लावायचा. हे मला पाठ होतं. पाठ असलेली गोष्ट दुसऱ्यालाही ठाऊक असेल असं आपण धरून चालतो.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जोराचं वादळवारं सुटलं. झाडं पडली, तारा तुटल्या, वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फोन लागत नव्हते, रस्ता बंद होता. दुपारी तीनच्या सुमाराला माझा फोन वाजला. सबनीस साहेब होते. आवाज चढलेला नव्हता. "जाधव, वीज आल्यावर दिवाणखान्यातला कॅमेरा सुरू झाला. मी मुंबईहून बघतोय. त्या बाईने माझ्या टाकीत नारळ टाकलाय. सगळे मासे मेलेत. तुम्ही आत्ता जा."

मला ते वाक्यच कळेना. टाकीत नारळ? मी स्कूटर काढली आणि पडलेल्या फांद्या चुकवत पोहोचलो.

दारातून मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढून जात नाही. टाकीतला दिवा लागला होता. पाण्यावर एक अख्खा, सोललेला नारळ तरंगत होता, त्याला हळदीकुंकवाची बोटं लावलेली, शेजारी जास्वंदीचं एक फूल. आणि त्याच्याभोवती पोटं वर करून सातही मासे. फिल्टर चालू होता, म्हणून पाणी हलत होतं, आणि पाण्याबरोबर ते सगळं संथ गोल फिरत होतं. मी चप्पल काढायचं विसरलो.

सुगंधाताई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. मांडीत तांब्या. उजवा हात कोपरापासून सुजलेला. तिने मान वर न करता सांगितलं. संध्याकाळी वीज गेल्यावर हवेचा पंप लावला, पहाटेआधी सेल संपले. तेव्हापासून ती आणि नथू आळीपाळीने तांब्याने पाणी ओतत बसले. धक्क्यावर दर्याची पूजा होती, नथूला जायचं होतं, तिनेच जाऊ दिलं नाही. दुपारी वीज आली तेव्हा सातही मासे जिवंत होते.

"येकबी मेला नव्हता सर. सात मोजलं मी. मंग म्हटलं, पुनवंचा दिस, धक्क्यावर जायाला गावला न्हाय, तर हिथंच दर्याला नारल घालाव. खारा पानी म्हंजे दर्याच की. वाजतगाजत न्हाय, हळूच सोडला. आनि अर्ध्या तासात..." तिने तांब्या खाली ठेवला. "माझ्या हातनं झाला सर."

मी कपाट उघडलं, प्लग काढला, डबा सोडवला आणि मागे धुण्याच्या दगडापाशी नेला. झाकणाची कडी उघडताच असा वास आला की मी दोन पावलं मागे सरलो. नासक्या अंड्यांचा, गटारीचा. आतला स्पंज काळा पडला होता. अठरा-वीस तास कोंडलेलं विष, वीज येताच पंपाने इमानदारीत टाकीत ओतलं होतं. चिमूटभर हळदीने आणि एका नारळाने एवढ्या पाण्यात अर्ध्या तासात सात मासे मरत नाहीत. मला पूर्ण खात्री होती. तिने तांब्याने जगवलेले मासे माझ्या डब्याने मारले होते.

मी डबा धुतला. दोनदा धुतला, वास जाईपर्यंत. हे मी का केलं ते तेव्हा मनाशीही कबूल केलं नाही.

दिवाणखान्यात परत आलो तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी विचारलं, "जाधव, मला खरं सांगा. त्या हळदी-नारळानेच झालं ना?"

सुगंधाताई उभी राहिली होती, माझ्या तोंडाकडे बघत. वर छताला कॅमेरा होता. साहेबांच्या ओळखीने त्याच रस्त्यावरच्या आणखी तीन बंगल्यांत मी हेच डबे बसवले होते. सतरा वर्षांचं नाव होतं. मी म्हणालो, "असू शकतं, साहेब."

एवढंच. खोटंही बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. सुगंधाताईने मान हलवली, जणू माहीत असलेलीच गोष्ट कुणी मोठ्या माणसाने पक्की केली. तिने पुढे होऊन तो नारळ दोन्ही हातांनी बाहेर काढला, पदराने पुसला आणि आत गेली.

आठवड्याच्या आत बंगला सांभाळायला नवं जोडपं आलं. मी टाकी उतरवायला गेलो तेव्हा मागच्या खोलीला नव्या माणसांचं कुलूप होतं. तुळस जागेवरच होती. बाकीच्या तीन बंगल्यांतले डबे मी पुढच्या महिन्यात गुपचूप बदलले. "नवीन पद्धत आलीय, जास्त चांगली" असं सांगितलं. तिघांनीही माझे आभार मानले. त्या आभारांनी मला झोप लागेना, पण मी तोंड उघडलं नाही. उद्या सांगू, साहेब भेटतील तेव्हा सांगू, असं करत वर्ष गेलं.

या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी सबनीस साहेबांचा फोन आला. टाकी परत बसवायची होती. "या वेळी तुम्ही म्हणाल तो फिल्टर," ते म्हणाले. आणि मला एकदम बोलावं लागलं. बोललो सगळं. डबा, वास, दोनदा धुणं. मला वाटलं होतं ते संतापतील, तोडतील. ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, जाधव. एवढ्यासाठीच विचारलं होतं. मी त्यांना काढणार नव्हतो, रागात ठरवायचं नव्हतं मला. तुमच्या शब्दावर काढलं." मी वर्षभर या माणसाच्या नावाने मनात खडे फोडत होतो, कॅमेऱ्यातून माणसं पारखणारा म्हणून. फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, त्या दोघांना यायचं असेल तर परत बोलवा.

दुसऱ्याच दिवशी मी रेवसला गेलो. विचारत विचारत घर काढलं, तर सुगंधाताई जेटीच्या अलीकडे ताडपत्रीखाली कोळंबी सोलत बसली होती. मला बघून हसली. "सर, तुमी? बसा की." पाट पुढे केला. नथू कुठे विचारलं तर म्हणाली, "बोटीवर. परत खलाशी लागला. काल गेला, परवा येईल." जो माणूस पाण्याला भिऊन बंगल्यावर आला होता, त्याला मी दोन शब्दांत परत पाण्यात धाडलं होतं.

मी सांगितलं. पाटावर बसून, खाली बघत, तिला कळेल अशा भाषेत. नारळाने नाही, हळदीने नाही, फुलाने नाही. माझ्या डब्याने. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी लपवलं. नोकरी गेली ती माझ्यामुळे गेली. साहेब परत बोलावतायत, यायचं असेल तर.

तिचे हात थांबले. "वास आलता मना," ती हळूच म्हणाली. "लाईट आली तवाच. घान वास. प्लग काडावा असा वाटला. पन तुमची चिठ्ठी व्हती, हात लावू नये. मंग म्हटलं, सरांना ठाव."

मला वाटत होतं याहून वाईट काही ऐकायला मिळणार नाही. मी म्हणालो, "ताई, नोकरीचं मी..."

"नोकरीचा काय, आज हिथं उद्या तिथं," ती म्हणाली. "सर, मी ह्या वर्साला दर्याला नारल घातला न्हाय. सगल्या बाया गेल्या, मी हिथंच उबी ऱ्हायली. माझा नारल जावेनं नेला. म्हटलं, गेल्या वर्साला माझ्या हातचा नारल पान्यात पडला आनि सगला जीव मेला. दर्याला माझा हात नको. नवरा बोटीवर, आनि मी हात लावायचा?" ती कोळंबीच्या सालांकडे बघत राहिली. "वरीसभर पान्यात पाय घातला न्हाय मी. बोट येतेय जातेय, मी लांबून बगते."

वर्षभर मी तिच्या पगाराचा, तिच्या खोलीचा विचार करून स्वतःला कोसत होतो. कोळ्याच्या घरात जन्मलेल्या बाईचा दर्याच मी तिच्यापासून तोडला होता, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "म्हंजे सर, तवा त्यानं घेतला व्हता माझा नारल?"

मी प्रयोगशाळेत घडलेला माणूस. दर्या नारळ घेतो की नाही हे मला ठाऊक नाही, आणि त्या टाकीतलं पाणी तर मीच पिशवीतलं मीठ घालून बनवलं होतं. फिल्टरविषयी मला पक्कं माहीत होतं तेव्हा मी "असू शकतं" म्हणालो होतो.

"हो," मी म्हणालो. "घेतला होता."

तिने कोळंबीची परात बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जेटीच्या पायऱ्या उतरायला लागली. भाऊच्या धक्क्याची लाँच नुकतीच सुटली होती, पाणी पायऱ्यांवर चढत होतं. शेवटच्या कोरड्या पायरीवर ती थोडी थांबली. मग खाली बसून तिने उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि तसाच राहू दिला. मी वर ताडपत्रीखाली तिची परात राखत बसलो.